मामाचा जुनो-१०६ आणि सहावा आवाज

रोलँड कंपनीचा जुनो-१०६ हा सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आला १९८४ साली. माझ्या मामाने तो ऑर्केस्ट्रात वाजवला: गणपतीत, रिसेप्शनला, कोकणातल्या जत्रांना. आता तो ठाण्याला माझ्याकडे आहे. त्याचं दुखणं या मशीनमधलं सगळ्यात नेहमीचं. एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली की पाच वेळा स्वच्छ सूर आणि सहाव्यांदा नुसती खरखर.

जुनोत सहा आवाज, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात, आणि प्रत्येक आवाजाला ८००१७ए नावाची एकेक चिप. फिल्टर (सुराचा पोत बदलणारा भाग) आणि व्हॉल्यूम दोन्ही तीच सांभाळते. कुठली गेलीय तेही मशीनच सांगतं. 'की ट्रान्सपोज' नावाचं बटण दाबून धरून स्विच ऑन केला की टेस्ट मोड सुरू होतो. मग पट्ट्या दाबत जायचं, डिस्प्लेवर वाजणाऱ्या आवाजाचा नंबर येतो.

काहीही उघडण्याआधी मी मामाचे पॅच, म्हणजे त्याने साठवलेले वाद्यांचे सूर, वाचवले. मेमरी एका बॅटरीवर जिवंत असते, ती काढली की १२८ पॅच गेले. मागे कॅसेट टेप जोडायची जागा आहे, तिथून सगळा डेटा आवाजाच्या रूपात बाहेर येतो. तो लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवला. जुनोत पॅचना नावं देता येत नाहीत, फक्त नंबर. त्यामुळे कुठल्या नंबरवर बासरी आणि कुठल्यावर व्हायोलिनचा ताफा, हे मामालाच फोनवर विचारून वहीत लिहून घेतलं. त्याला एकूण एक आठवत होतं.

खरेदीला मुंबईतला लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कपॅसिटर, टॅब लावलेला सीआर२०३२ सेल, फिमेल बर्ग स्ट्रिप (चिपचे पाय खोचायची भोकांची पट्टी), सगळं एका फेरीत. ८००१७एचा फोटो दाखवल्यावर दुकानातले काका म्हणाले, "ताई, हा कंपनीने स्वतःसाठी बनवलेला पार्ट. हा सुट्टा इथे कधी आलाच नाही."

परदेशातून मिळतो, "जुना, न वापरलेला" म्हणून, आणि महाग. माझं ठाम मत आहे की तो घेऊ नये. ही चिप वापराने मरत नाही, वयाने मरते. तिच्यावर काळ्या इपॉक्सीचं जाड आवरण आहे. ते जुनं झालं की त्यातूनच वीज झिरपायला लागते. डब्यात पडून राहिलेल्या चिपचं आवरणही तेवढंच जुनं. पैसे खर्च करायचेच असतील तर आजच्या पार्टवर नव्याने बनवलेली चिप घ्यावी, अॅनालॉग रेनेसाँ या कंपनीची चांगली आहे. पण त्याआधी आपलीच चिप वाचते का ते बघावं.

मी तेच केलं. चिप पंपाने सोल्डर ओढून काढली आणि काचेच्या बरणीत, अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवली. बरणी काचेचीच हवी, खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस पेटलेला नको. आवरण हळूहळू मऊ पडतं, मग लाकडी काडीने सोलायचं, कुठेही जोर न लावता. खाली चिमुकला बोर्ड निघतो, त्यावर तांदळाच्या कणीएवढे पार्ट. एकही हलता कामा नये. मी भिंगाखाली बसून ब्रशने कोपरे साफ केले, चिप पूर्ण वाळू दिली आणि बर्ग स्ट्रिप कापून तिचा सॉकेट केला, म्हणजे पुढच्या वेळी बोर्डावर परत सोल्डरिंगची इस्त्री टेकवायला नको.

सहावा आवाज आला! लगेच बाकीच्यांशी जुळला नाही. सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून ट्रिमर (बोर्डावरचे जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवत फिल्टर लावून घ्यावा लागला. उरलेल्या पाच चिपही आता अशाच सोलणार आहे, त्यांचंही वय तेच.

स्लायडरच्या दोन टोप्या मात्र अजून मिळालेल्या नाहीत. कुणाकडे मोडीत निघालेला जुनो-१०६ असेल, तर फेकण्याआधी मला कळवा. टोप्याच काय, त्याचा स्क्रूसुद्धा मला हवा आहे.