'ओन्ली'चा दुसरा खण मोडला

'ओन्ली', 'इव्हन'सारखे इंग्रजी शब्द घेऊन त्यांची वाक्यं आणि मराठी अर्थ मी कार्डांवर टिपते, एकेका अर्थाला एकेक खण. मागच्या खेपेला 'ओन्ली' संपत आला असं लिहिलं होतं. ३१२ कार्डं, सहा खण, आता शाईनं पक्कं करायचं तेवढं राहिलं होतं. मंगळवारी निपाणी-बेळगाव बसमध्ये ते सगळं उलटलं. ४७ कार्डं पुन्हा टेबलावर आली आहेत आणि दुसरा खण मी मोडला आहे.

दुसरा खण म्हणजे 'पण'चा. 'आय वुड कम, ओन्ली द लास्ट बस लीव्ह्ज ॲट एट' ह्या जातीची वाक्यं त्यात होती. पहिल्या खणातला 'ओन्ली' एकेका शब्दाला धरून मर्यादा घालतो, हा मात्र दोन वाक्यं जोडतो. व्याकरणातलं कामच वेगळं, म्हणून मी त्याला निराळा शब्द मानलं, निराळा क्रमांक दिला, कार्डांना लाल कडा मारली. तुमच्यापैकी दोघांनी तेव्हाच शंका काढली होती. मी ऐकलं नाही, ती माझी चूक.

बसमध्ये कर्नाटकातल्या महिलांच्या मोफत प्रवासाचं शून्य रुपयांचं तिकीट हातात, मांडीवर ती लाल कडेची कार्डं. वर पाटी: 'महिळेयरिगे मात्र'. फक्त महिलांसाठी. ह्या पाटीखाली मी वीस वर्षं बसते आहे. आणि हातातल्या कार्डावर माझ्याच अक्षरात मराठी अर्थ लिहिलेला: 'येईन, मात्र शेवटची बस आठला सुटते'. डोक्यावरचा 'मात्र' पहिल्या खणातला, हातातला 'मात्र' दुसऱ्या खणातला. मी मोठ्या कष्टानं वेगळे केलेले दोन अर्थ कन्नड आणि मराठीनं एकाच शब्दात वाटून घेतले होते! यमकनमर्डी कधी मागे गेली कळलंही नाही.

घरी येऊन शेजारच्या अक्कांना विचारलं. त्यांचं माहेर अथणीचं, घरात दोन्ही भाषा. "मराठीत मात्र म्हणजे पण, कन्नडात मात्र म्हणजे फक्त. तुमचा गोंधळ होत नाही?" त्या म्हणाल्या, "टीचर, त्यात गोंधळ कसला? एवढंच म्हटलं की पुढचं नाही म्हटल्यासारखंच की." मी दोन रात्री मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी आणि किटेलचा १८९४ चा कन्नड कोश शेजारी शेजारी उघडून बसले होते. माझी गाठ सुटली ती अक्कांच्या ह्या एका वाक्यानं.

तरी मन खात होतं. दोन भाषांनी संस्कृतातून एकच शब्द उचलला आणि आपापल्या वाटेनं नेला, एवढ्यावरून इंग्रजीच्या 'ओन्ली'बद्दल काय सिद्ध होतं? मला दोन्ही अर्थ मराठीतच हवे होते. मग सासऱ्यांची ट्रंक काढली. तंबाखूविक्रीच्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. हमाली, तोलाई, अडत वजा जाता तळाशी 'अक्षरी रुपये' आणि आकड्यानंतर 'मात्र'. एवढेच, ह्यापुढे कोणी शून्य जोडू नये. चेकवरचा 'ओन्ली' तिथं बसतो तो ह्याच कामासाठी.

मग रांगच लागली. नाममात्र, क्षणमात्र ह्यांत जुनं 'एवढंच' अजून आहे. प्राणिमात्रात तेच माप उलट्या अंगानं, 'जेवढे म्हणून प्राणी तेवढे सगळे'. मुळात मात्रा म्हणजे माप. माप घातलं की कड तयार होते, आणि कडेपाशी बोलणं वळतं. 'सगळे गेले, मी मात्र थांबले.' इथं 'मात्र' मलाच वेगळं मोजतो आणि त्यातून 'पण' निघतो.

'ओन्ली'ही असाच. जुन्या इंग्रजीत 'आनलिक', म्हणजे एक अधिक सारखा. 'वन'च्या उच्चारात 'व' मागाहून आला, 'ओन्ली' आणि 'अलोन' ह्यांनी जुना 'ओ' ठेवला. एकटा, मग एवढाच, मग एवढी अडचण सोडून, मग पण. वाट एकच. निराळा क्रमांक खोडला. लाल कडेवर पांढरी पट्टी चिकटवते आहे.

कार्डांबद्दल थोडं. शहापुरातल्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या कागदाची कातरण किलोवर आणते. स्टेशनरीतल्या तयार कार्डांपेक्षा ती कितीतरी सरस, फक्त चकचकीत बाजू घेऊ नका, जेल पेन तिथं पसरतं. संगणकातला तक्ता मी शोधायला वापरते. विचार करायला टेबलावर पसरलेली कार्डंच लागतात.

आणि आत्ताच, वरचं वाक्य लिहिताना हात थांबला. 'सरस आहेत, फक्त चकचकीत बाजू घेऊ नका.' हा 'फक्त' पहिल्या खणातला नाहीच! 'घर छान आहे, फक्त पाणी येत नाही' असं आपण रोज बोलतो. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, तोही रकमेच्या शेवटी लिहायचा, आणि तोही मात्रच्याच वाटेनं निघालेला. म्हणजे नमुने तीन झाले. फक्तसाठी आज नवा डबा काढते, 'इव्हन' पुढच्या महिन्यावर.

'च'चा खण जागेवर आहे, तिथं काही हलवलं नाही. 'मीच काल पाहिलं' आणि 'मी कालच पाहिलं' ह्यांत आपला च हव्या त्या शब्दाला चिकटतो. इंग्रजी 'आय ओन्ली सॉ हिम यस्टरडे'मध्ये ते काम बोलताना आवाजावर पडतं. शिकवणीतली मुलं 'टुडे ओन्ली' लिहितात ते आजच, कन्नडात इवत्ते. ती कार्डं वेगळ्या पाकिटात.

एक जमलेलं सांगते, कारण त्यावर चार महिने गेले. 'ही रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड द ट्रेन गॉन.' इथं 'फक्त' चालत नाही, 'च' चालत नाही. परवा दूध तापवताना सुचलं: 'पळत स्टेशन गाठलं, बघतो तर गाडी गेलेली.' बघतो तर! अपेक्षा तुटल्याचा तोच झटका. 'इफ ओन्ली आय हॅड नोन'ला 'नुसतं ठाऊक असतं तरी' हे अजून कच्चंच, पेन्सिलीत आहे.

आता 'बट'. जुन्या इंग्रजीत 'बूटन', म्हणजे बाहेर, वगळून. आणि 'ही इज बट अ चाइल्ड'मध्ये त्याचा अर्थ चक्क ओन्ली, लहान मूलच ते. म्हणजे 'ओन्ली' पणकडे गेला आणि 'बट' फक्तकडे आला. हे आधी लक्षात आलं असतं तर तो दुसरा खण मी केलाच नसता. 'इव्हन' आणखी मागे ढकलते, फक्तनंतर 'बट'च.

खानापूर, चंदगड, संकेश्वर, चिकोडीकडच्यांनी घरातल्या जुन्या पट्ट्या, पावत्या, सोसायटीची पुस्तकं काढा. रकमेच्या शेवटी मात्र आहे की फक्त, आणि साधारण कुठल्या सालापर्यंत, एवढं कळवा. कन्नड पावतीवर मराठीत सही असेल तर तीही हवी.