पांढरी वायर

आजचा अख्खा दिवस ट्रॉलीच्या लाइटीत गेला. कारखाना सुरू झालाय, अंबाजोगाईच्या रस्त्याला रात्री बिनलाइटीची उसाची ट्रॉली म्हणजे मागच्या मोटरसायकलवाल्याच्या जिवाशी खेळ. म्हणून ट्रॅक्टरची लाइट ट्रॉलीला जोडायचं 7 पिनचं नवं सॉकेट आणलं.

पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, काळी आन् तपकिरी मागचे दिवे. रंगाला रंग जोडला. दाजी म्हणाले, झालं! डावा इंडिकेटर दिला तर मागचं सगळंच मिणमिण उघडझाप करायला लागलं. दोन तास बल्ब बदलत बसलो (12 व्होल्टचेच होते, दुकानदाराला उगाच शिव्या घातल्या).

शेवटी 3 नंबरच्या पिनची पांढरी, अर्थिंगची वायर बघितली. चेसीला, म्हणजे ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट घट्ट होता, पण खाली रंगाचा न् गंजाचा थर. करंटला परतीची वाटच नाही, मग तो दुसऱ्या बल्बातून घुसणार नाही तर काय करणार! कानशीनं लोखंड चकचकीत केलं, बोल्ट परत आवळला. टक टक, एकटा डावा इंडिकेटर.

दाजी म्हणाले, "म्हंजी माझा तीन कप चहा फुकटच गेला व्हय?"