काय काय लागतं

दुपारी घर शांत होतं तेव्हा मी धाकटीला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यावर एक जाड पुस्तक आडवं धरलं आणि त्याच्या खालून पेन्सिलीने रेघ ओढली. १०१ सेंटिमीटर आणि वर ३ मिलिमीटर. टाचा जमिनीला टेकल्यात ना, हे मी दोनदा वाकून पाहिलं.

"उचलू का?" तिने उदारपणे विचारलं.

हवे आहेत १०२.

घरात चार-साडेचार वर्षांचं मूल आहे आणि सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरलंय, अशांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. १०२ म्हणजे ४० इंच. तिथून मोठ्या राईडची दारं उघडायला लागतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडच्या स्पेस माउंटनलासुद्धा एवढीच उंची लागते. पुढे १०७, ११२, ११७, १२२ अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर कुणाचं तरी मूल रडत उभं असतं. या वयात मुलं वर्षाला साधारण ६ ते ७ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा. आम्हाला निघायला सहा आठवडे आहेत. मी हिशेब केला: सात-आठ मिलिमीटर होतील. कमी पडतायत सात. इतका काठावरचा हिशेब मी शाळेतसुद्धा केला नव्हता.

वहीच्या पहिल्या पानावर मी नेहमीचा मथळा लिहून ठेवलाय: 'काय काय लागेल'. त्याखाली औषधं, चार्जर, जादा कपडे वगैरे लिहिता लिहिता मला त्या क्रियापदाचाच नाद लागला. प्रवासात लागत नाही असं काही नसतंच. राईडला उंची लागते, रांगेला वेळ लागतो, पोरांना भूक लागते, थोरल्याला गाडी लागते, नवऱ्याला मागच्या सीटवर बसल्या बसल्या डुलकी लागते. बोगदा लागतो, टोलनाका लागतो. चुकलेल्या वळणावरून बोलाचाली झाली की मनाला लागतं. आणि पेट्रोल पंप मागे पडून पाच मिनिटं झाली की कुणाला तरी हमखास 'लागते'. काय लागते ते सांगायची गरज नसते. गाडीतले सगळे एकदम गप्प होऊन पुढच्या पंपाची पाटी शोधू लागतात.

अंतर साडेअकराशे किलोमीटर. फोनमधला नकाशा म्हणतो सोळा तास. फोनला काहीच लागत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. बाबांचा नियम आहे, दर दोन तासांनी थांबायचं, लागो न लागो. लहानपणी आम्ही त्याची टिंगल करायचो. आता रस्तासुरक्षेवालेही तेच सांगतात, दोन तासांनी पंधरा मिनिटं. फक्त ही पंधरा मिनिटं कागदावरची. एकाचा बूट सीटखाली गेलेला असतो, तो सापडेस्तोवर दुसऱ्याला झोप लागलेली असते. म्हणून मी दोन दिवस धरलेत, मध्ये एक मुक्काम. नवरा म्हणतो, "निघू, बघू." त्याचं प्रवासाचं सगळं तत्त्वज्ञान या दोन शब्दांत मावतं. मी डिकीचा आराखडा काढते. चौकोन काढून, आत छोटे चौकोन. जे आधी लागणार ते शेवटी ठेवायचं, हे इतकं सोपं असून दरवेळी टॉवेल तळाशी जातात.

थोरल्याची गाडी लागण्याची व्यवस्था स्वतंत्र पानावर आहे. कानाच्या आतल्या भागाला कळत असतं की आपण हलतोय, डोळे मात्र मांडीवरच्या पुस्तकात असतात आणि पुस्तक तर जागचं हलत नाही. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि शिक्षा पोटाला होते. दोन वर्षांखालची बाळं सहसा यातून सुटतात. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत सगळ्यात जास्त त्रास. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, वळण कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. तेव्हा थोरल्याने पुस्तक वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, लांब क्षितिजाकडे बघायचं. साडेअकराशे किलोमीटर! संन्याशालासुद्धा जमणार नाही. बरं, ज्या कानाची दोन दिवस अशी मनधरणी करायची, त्याच कानाला तिथे पोचल्यावर पैसे मोजून उलटंसुलटं करायचं. याला काय म्हणावं मला कळत नाही, पण तिकिटं मीच काढली आहेत.

मला आधी वाटायचं, उद्यान असतं आणि मग लोकांची सोय म्हणून तिथवर रस्ता होतो. निघालं भलतंच. १९५३ मध्ये वॉल्ट डिस्नीने डिस्नीलँडसाठी जागा शोधायचं काम स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला दिलं. त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या ॲनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागा दाखवल्या. शेजारून सँटा ॲना फ्रीवे होऊ घातला होता. फ्लोरिडातल्या दुसऱ्या उद्यानाची जागा तर त्याने नोव्हेंबर १९६३ मध्ये विमानातून हेरली, दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात तिथली. म्हणजे मागच्या सीटवरून दर दहा मिनिटांनी येणारं "आलं का?" हे उद्यानाच्या नकाशातच धरलेलं आहे. बाकी त्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटते ती १७ जुलै १९५५ मुळे. एका वर्षात अख्खं डिस्नीलँड उभं केलेलं, आणि उद्घाटनाच्या दिवशी खोट्या पासांवर लोक घुसले, नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या आणि प्लंबरच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे. भर उन्हाळ्यात. त्याच्याही यादीत काहीतरी राहिलंच होतं.

आमच्या लहानपणी यादी बाबांची. रबरबँड लावलेली छोटी वही, तिच्यात '४.०० प्रस्थान' असं लिहिलेलं. प्रस्थान! आम्ही निघायचो पाच वीसला, मग बाबा ते खोडून ५.२० करायचे आणि पुढच्या सगळ्या वेळा ऐंशी मिनिटांनी सरकवायचे, एकेक करून, गाडी सुरू करायच्या आधी, म्हणजे अजून दहा मिनिटं. आई पुढे बसून नकाशा उघडायची. तो एकदा उघडला की काचेतून रस्ता दिसायचा नाही. त्याच्या मूळ घड्या पुन्हा कधीच कुणाला सापडल्या नाहीत. प्रवास संपेपर्यंत तो उशीएवढा फुगायचा. मी मागे मधोमध, जिथे पायाखाली तो उंचवटा असतो. खिडकी दादाची. दुसरी खिडकी सामानाची.

मी सात वर्षांची होते. त्या राईडला १२२ लागायचे. निघायच्या आठवडाभर आधी बाबांनी मला दाराशी मोजलं आणि वहीत लिहिलं: १२२. खाली दोन रेघा. मी आठवडाभर त्या आकड्यावर जगले.

राईडच्या तोंडाशी एका लाकडी विदूषकाने हात आडवा धरला होता. मी त्याच्या हाताखालून गेले. नुसते केस लागले. तिथल्या माणसाने मला परत बोलावलं, ताठ उभं राहायला सांगितलं, आणि मान हलवली. अर्धं बोट कमी. बाबांनी खिशातून वही काढली, रबरबँड सोडला, पान उघडून त्याच्यासमोर धरलं. "हे बघा. एकशे बावीस." त्या माणसाने खरोखर पाहिलं. चांगला होता बिचारा. वही पाहिली, मला पाहिलं, पुन्हा वही पाहिली. बाबांची ती आठवडाभर सांभाळलेली वही एका परक्या माणसासमोर उघडी धरलेली मला अजून दिसते. मी रडायची विसरले ती त्यामुळे असेल.

दादा आणि आई आत गेले. बाबा आणि मी समोरच्या बाकावर बसलो. ते काही बोलले नाहीत. "पुढच्या वर्षी" असंही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "एका गाडीत किती माणसं बसतात बघ." मी मोजली. चोवीस. मग दोन गाड्यांमध्ये किती वेळ जातो ते त्यांनी घड्याळावर पाहिलं, रांगेत आईच्या पुढे किती डोकी आहेत ते मी बाकावर उभी राहून मोजलं, आणि वहीत हिशेब मांडून त्यांनी जाहीर केलं की दादा सदतीस मिनिटांनी बाहेर येईल. आला एकेचाळीस मिनिटांनी. पांढराफटक पडून. "चार मिनिटं उशीर," मी त्याला म्हणाले. त्याला काहीच कळलं नाही.

रांगेचं असं शास्त्र खरोखर आहे हे पुष्कळ नंतर कळलं. ए. के. अरलांग नावाच्या डॅनिश माणसाने टेलिफोनच्या कॉलवरून १९०९ मध्ये ते मांडायला घेतलं. तो होता कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत, आणि त्याच शहरात टिवोली ही राईडवाली करमणुकीची बाग १८४३ पासून गजबजलेली. तिथल्या एखाद्या रांगेत तो मुलांबरोबर उभा असेल असं मी उगाच मनाशी धरून चालते. पुरावा काही नाही. (त्याला मुलं होती का, हेही मी पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.)

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा उंच असतो. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि दिवसभर उभं राहून, बसून पुन्हा दबतात. मोठ्या माणसात सेंटिमीटरभराचा फरक सहज पडतो, मुलांतही थोडा पडतोच. बाबांनी मला अंथरुणातून उठवून थेट दाराशी नेलं होतं. विदूषकापाशी आम्ही पोचलो ते दिवे लागल्यावर, दिवसभर चालून. हे वाचल्या वाचल्या मी बाबांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हणजे वहीतलं बरोबर होतं," ते म्हणाले.

तीस वर्षं झाली होती.

तर आमच्या आताच्या बेतात पहिल्या दिवशी फाटक उघडताच धावत त्या १०२ वाल्या राईडला जायचं आहे. रांग लहान असते हे एक कारण. दुसरं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "चकत्यांसाठी?" त्याने विचारलं. "चकत्यांसाठी," मी म्हणाले. त्याने वाद घातला नाही. मुक्कामाच्या जागेपासून फाटकापर्यंत तिला कडेवर न्यायचं की बाबागाडीतून, की गाडीत मागे आडवी झोपवून, हे अजून ठरायचंय. गाडीत आडवं झोपवणं नियमात बसत नाही, तेव्हा ते खोडलं. कडेवर.

आई-बाबाही येणार आहेत. बाबांची उंची १६८, त्यामुळे त्यांना कुठलाच विदूषक अडवणार नाही. पण राईडच्या दारातल्या पाट्यांवर उंचीच्या खाली दुसरी यादीही असते: उच्च रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं, मानेचं दुखणं. ती मी इतकी वर्षं वाचलीच नव्हती. माझ्यासाठी पाटी आकड्यापाशी संपायची. या वेळी मी वाचली तेव्हा लक्षात आलं की बाबांचं त्यातलं निम्मं जुळतं, आणि आईचं उरलेलं निम्मं.

डिस्नी सांगायचा की त्याला हे सगळं सुचलं ते लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसलेल्या असताना. तो स्वतः बाकावर बसून होता आणि त्याला वाटलं, मोठ्यांनाही मुलांबरोबर काही करता येईल अशी जागा हवी. मग एवढा पैसा, एवढी जमीन, एवढी यंत्रं. आणि तरी कुणीतरी बाकावर बसलेलं असतंच.

मघाशी बाबांचा फोन आला. आधी विचारलं, किती वाजता निघायचं. मी म्हणाले, चारला. "म्हणजे पाच वीस," ते म्हणाले. मग स्टेपनीची हवा. मग थोरल्याची गोळी कोणाकडे राहणार. मग जरा थांबून, अगदी सहज विचारावं तसं:

"अगं, तिथे बाकं आहेत ना?"

"असतील की बाबा."

"पाहिलंस का तू?"

पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर उद्यानाचा नकाशा उघडला. राईड आहेत, स्वच्छतागृहं आहेत, प्रथमोपचार आहे, हरवलेली मुलं कुठे मिळतात तेही आहे. बाकं दाखवलेली नाहीत. उपग्रहाच्या चित्रात जाऊन त्या राईडसमोरची जागा होईल तेवढी मोठी करून पाहिली. तिथे झाडं आहेत, दाट. खाली काय आहे ते दिसत नाही.