ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी

"पोरांना गेम खेळायचेत, घरातले फॉर्म भरणं, हिशोब हेही त्याच्यावरच व्हावं. पन्नासएक हजारांत पीसी बसवायचाय. ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" असं तुम्ही विचारलंत. परभणी काय, बीड काय, प्रश्नाची सुरुवात कार्डापासूनच होते. एवढ्या पैशात कार्ड आत्ता घेऊच नका, पण उद्या ते बसेल असा पीसी आज जुळवा, असं माझं म्हणणं.

म्हणजे प्रोसेसर असा घ्यायचा, ज्याच्या आतच ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र उभं करणारा भाग) आहे. एएमडीचा रायझन 5 5600जी अजूनही या हिशोबात बसतो: सहा कोर, बारा थ्रेड, वेगा ग्राफिक्स, कूलर डब्यातच. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आरामात चालतात, जीटीए फाइव्ह सेटिंग खाली आणली की चालतं. नवे जड गेम मात्र विसरा. दुकानदार इंटेलचा आय3-12100एफ पुढे करेल. तो प्रोसेसर चांगलाच आहे, पण नावातला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

रॅम 16 जीबी, आणि 8-8 च्या दोन स्टिक. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. एकच स्टिक टाकली की रॅमपर्यंतचा रस्ता अर्धा होतो आणि गेम अडखळतो. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे "आता एक टाका, दुसरी नंतर बघू" असं सुचवलं जाईल. ऐकू नका. मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डावर, रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय, चालू करा, नाहीतर 3200 ची रॅम 2133 किंवा 2400 वरच पळत राहते. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा स्पीड बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

बोर्ड बी550 मिळाला तर उत्तम, ए520 नेही भागतं. साठवणुकीची एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान, आणि जमलं तर 1 टीबी, कारण एकट्या जीटीए फाइव्हला 100 जीबीच्या वर जागा लागते.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. आपल्याकडे पैसा इथे घालायचा आणि हात आखडला जातो तोही इथेच. डब्यावर '450 वॅट' लिहिलंय म्हणून भुलू नका, बाजूचं लेबल वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते बघायचं आणि 12 ने गुणायचं. 18 अँपिअर असतील तर 216 वॅट, एवढीच त्याची खरी ताकद, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही 12 व्होल्टवरच जगतात. 36 अँपिअर असतील तर 432, म्हणजे आकडा खरा आहे. त्याच लेबलवर इनपुटही असतं: 200-240 की 100-240? गावाकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 180 च्या खाली बसतं, तेव्हा 200-240 वाला गचका खातो आणि पीसी रीस्टार्ट होतो. 100-240 वाला, 80 प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), कार्डाला वीज देणारी 8 पिनची पीसीआय-ई वायर असलेला 550 वॅटचा घेतला की पुढे कार्ड टाकताना तो बदलावा लागत नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार कायम असते. दोष बहुतेक वेळा पीसीचा नसतो, घराला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून जो थोडासा करंट अर्थिंगला जायला हवा, तो पत्र्यावर उतरतो. तशात टीव्हीला एचडीएमआय जोडायला गेलात तर पोर्ट उडू शकतो. आधी वायरमन बोलवा. यूपीएस 600 व्हीएचा म्हणजे साधारण 360 वॅटचा, कार्ड नसेपर्यंत पुरतो. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पीसी टाकू नका.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. पुढून काच आणि सात रंगांचे दिवे असलेलं दिसतं झकास, पण मे महिन्यात खोलीतच 40 अंश असताना त्याला हवा कुठून मिळणार? पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. डेझर्ट कूलरच्या झोतात पीसी ठेवू नका. ती हवा ओली असते, जाळीवर बसलेल्या धुळीचा चिखल होतो. जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटका.

कार्ड पुढच्या वर्षी घ्या, किंवा घरात नीटचा परीक्षार्थी असेल तर निकालानंतरच. 5600जी ला कार्डापर्यंतचा रस्ता, म्हणजे पीसीआय-ई, जुन्या 3.0 चाच मिळतो, म्हणून आरएक्स 6500 एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड त्यावर मार खातं. आरएक्स 6600 ला आठ लेन, 8 जीबी मेमरी आणि 132 वॅट, ते जमतं. ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या आरएक्स 580 पुढे '2048एसपी' असेल तर ते नावापुरतंच 580, खरं 570 च्या तोडीचं.

पीसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा संभाजीनगरहून बनवून आणणार असाल तर प्रवासात कार्ड काढून वेगळ्या डब्यात ठेवा. एसटीच्या आदळआपटीत कार्डाच्या वजनाने स्लॉट तुटतो. आणि बसवल्यावर मॉनिटरची वायर बोर्डातून काढून कार्डात लावा. "कार्ड टाकलं तरी गेम तसाच अडखळतो" यातल्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात.