गाय गाभडली, आणि अहवालाला ३७ दिवस लागले: माझा अनुभव

आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, आणि तिला नेमके काय झाले आहे हे कागदावर कळायला ३७ दिवस गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक दिवस कानातल्या बिल्ल्याच्या एका नोंदीपायी वाया गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही नावे जनावरे सांभाळणाऱ्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतात, कारण ते रोग डोळ्यांना दिसतात. गाय गाभडली तर मात्र ती घसरली असेल, दुसरीने ढुशी दिली असेल, असे म्हणून विषय संपतो. मीही तसेच धरून चाललो होतो. वार (गर्भाबरोबर बाहेर पडणारी नाळेची पिशवी) अडकली म्हणून आईने ती उघड्या हातांनी काढली आणि मेलेला गर्भ ती बांधापलीकडे टाकायला निघाली होती, एवढ्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर, आले आणि त्यांनी तिला जागीच थांबवले. हा सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्लोसिस, असू शकतो, त्याचे जंतू गर्भात, वारेत आणि स्रावात सर्वांत जास्त असतात आणि ते माणसालाही बाधतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. गर्भ आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली, गोठ्याची जमीन जंतुनाशकाने धुतली आणि डॉक्टरांनी त्याच दुपारी रक्ताचा नमुना घेतला.

इथपर्यंत सारे सुरळीत झाले. आठवड्याने नमुना न तपासताच परत आल्याचे समजले. फॉर्मवर मालक म्हणून माझे नाव होते आणि बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकापुढे गाय ज्यांच्याकडून घेतली त्यांचे. दोन वर्षांपूर्वी गाय आणली तेव्हा नोंद बदलून घ्यावी लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले, ‘ज्यांच्या नावावर गाय आहे त्यांना घेऊन या.’ ते गृहस्थ फोन उचलत नव्हते. पुढच्या सोमवारी गेलो तर संबंधित कर्मचारी रजेवर. त्याच्या पुढच्या सोमवारी नोंद बदलण्याचा अर्ज घेतला गेला, पण खरेदीची पावती हवी म्हणून मला पुन्हा घरी पाठवले. अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, रोगाची शंका आली तर मालकाने ती कळवलीच पाहिजे, असे २००९ चा प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांचा कायदा सांगतो. मी कळवायला उभा होतो आणि माझ्याकडे पावती मागितली जात होती. अखेर डॉक्टरांनी स्वतः येऊन ओल्या फडक्याने बिल्ल्यावरचे शेण पुसले, एकेक अंक मोठ्याने वाचून मोबाइलवर ताडून पाहिला आणि नोंद बदलून दिली.

तोवर पहिला नमुना निकामी झाला होता. रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव, लालसर पडले होते. दुसरा नमुना घेताना डॉक्टरांनी धीर दिला की गाभडल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडे (रोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये) कधीकधी सापडत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनंतरचा नमुना अधिक भरवशाचा असतो. त्याने थोडे समाधान झाले. या रोगाच्या रोझ बंगाल चाचणीत गुलाबी द्रवाचा आणि रक्तजलाचा एकेक थेंब मिसळला की चार मिनिटांत गुठळ्या होतात किंवा होत नाहीत, हे नंतर कळले, तेव्हा मात्र पुन्हा संताप आला.

मधल्या काळातली खरी काळजी आईची होती. तिला संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घाम फुटायचा, गुडघे दुखायचे आणि औषधे हंगामी तापाची चालू होती. गाय गाभडली होती आणि वार हाताने काढली होती, हे मी दवाखान्यात आपणहून सांगितले तेव्हा कुठे तिची ब्रुसेल्लासाठी रक्ततपासणी झाली. तिच्यात रोग निघाला नाही. तो कागद हातात आल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. घरात असा ताप आला तर डॉक्टर विचारण्याची वाट न पाहता जनावरांचे सांगा. आणि वार अडकली तर स्वतः हात न घालता डॉक्टरांना बोलवा. हे खरे तर मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते.

गायीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. अनेकांनी बाजार दाखवायचा सल्ला दिला. कदाचित माझ्याकडेही ती अशाच सल्ल्याने आली असेल, म्हणून तो मी मानला नाही. ती आता वेगळी बांधली आहे, तिला पुन्हा गाभण होऊ देणार नाही, आणि घरात दूध उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. जनावर विकत घेताना ब्रुसेल्लाची तपासणी मागा आणि बिल्ल्याची नोंद त्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्या.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून या रोगाची लस देतात. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच आणि आयुष्यात एकदाच टोचतात, त्यामुळे वय उलटून गेले की ही संधी जाते. आमच्या दुसऱ्या गायीची कालवड पाच महिन्यांची होती. तिला लस टोचून बिल्ला मारला तेव्हा नोंदीत माझे नाव आणि बाराही अंक मी डॉक्टरांच्या मोबाइलवर स्वतः वाचले, आणि मगच त्यांना जाऊ दिले.