खो-खोची फी आणि सीएसआरचा पैसा

आमचं खो-खो मंडळ नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार वस्तीतलं. साठेक मुलं, त्यात मुली जास्त. फी महिन्याला तीनशे रुपये. ऐकायला किरकोळ वाटते. पण घरात दोन खेळाडू असले, वर बूट, नी-कॅप आणि स्पर्धेचं गाडीभाडं आलं की कंत्राटी कामगाराच्या घरातून नाव कमी होतं, आणि बहुतेक वेळा ते मुलीचं. मी मंडळाची खजिनदार, त्यामुळे हे मला फीच्या वहीत दिसायचं.

आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी केली. क्रीडा खात्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, पण तिचा पैसा मैदान सपाट करणं, कुंपण, धावपट्टी अशा कामांचा. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं आणि मग विचारलं, "ताई, जागा संस्थेच्या नावावर आहे का?" आम्ही खेळतो महापालिकेच्या मोकळ्या भूखंडावर. तो रस्ता आमच्यासाठी नव्हता.

राहिला सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 सांगतं की ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे वाक्य पाठच करून ठेवावं. त्याच कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून आम्ही अर्जात 'फी माफी' मागितलीच नाही. फी जाते कुठे? प्रशिक्षकांच्या मानधनात. तेच मागितलं, प्रशिक्षण खर्च म्हणून.

अर्ज दोन पानांचा, त्यामागची फाईल मात्र चांगली जाडजूड. नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, 12ए आणि 80जी या आयकराच्या नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलची नोंद आणि सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेने भरायचा सीएसआर-1. हा शेवटचा फॉर्म 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा आहे, त्याच्या नोंदणी क्रमांकाशिवाय कंपनीवाले पुढे बोलतच नाहीत. आमचं घोडं अडलं विश्वस्तांच्या यादीत. धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नोंदवहीत अजून स्थापनेच्या वेळचीच मंडळी, त्यातले दोघे आता हयात नाहीत. बदल अर्ज दाखल करा, वारसांकडून मृत्यूचे दाखले आणा, मग मंजुरीची वाट बघा. सगळ्यात जास्त वेळ यात गेला. कोणत्याही मंडळाने आधी हे तपासावं, कंपनी नंतर शोधावी.

मग एक प्रश्न आला, ज्यावर आमच्यात भांडण झालं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना गरजू मुलांची यादी हवी होती, केशरी रेशनकार्डाच्या आधारे. केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 1 लाख. महिना बारा हजार मिळवणारा कंत्राटी कामगार 1,44,000 वर जातो, म्हणजे कागदोपत्री तो सुखवस्तू! आणि समजा यादी केलीच, तर खुंटावर उभ्या असलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी कळणार की कोण फुकट खेळतंय. पोरं याबाबतीत निर्दय असतात. आमचे सर म्हणाले, "यादी द्यायची असेल तर मी मैदानात येणार नाही." शेवटी आम्ही लिहून दिलं: सवलत सगळ्यांना सारखी, फी तीनशेवरून पन्नास, आणि पुरावा म्हणून हजेरीपत्रक. शून्य मुद्दाम केली नाही. फुकटात आलेल्या वर्गाला पालक सहज दांडी मारू देतात, असा माझा अनुभव.

पाहणीला दोन जण आले. त्यांना मॅट द्यायची फार हौस, कारण तिच्यावर कंपनीचं नाव छापता येतं. मोठ्यांचं खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर. एवढी मॅट गुंडाळून ठेवायची कुठे, पावसाळ्यात वाळवायची कुठे, असं सरांनी विचारल्यावर विषय आपोआप मागे पडला. मॅट नको असं नाही, आता मोठ्या स्पर्धा मॅटवरच होतात आणि मातीवरची मुलं तिथे घसरतात. पण मुलंच गळाली तर मॅटवर कोण पळणार? फोटोंचा आग्रह होता, तो आम्ही पाठमोऱ्या पळतीच्या फोटोंवर निभावला, तेही पालकांची लेखी संमती घेऊन.

मंजुरी जानेवारीनंतर आली. यात आश्चर्य नाही, वर्षाचा खर्च मार्चअखेर दाखवायची कंपन्यांनाही घाई असते. म्हणून फाईल दिवाळीपर्यंत तयार हवी. मागितल्यापेक्षा रक्कम कमी मिळाली, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता सीएच्या सहीच्या विनियोग प्रमाणपत्रानंतर, म्हणजे पहिला पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला हे दाखवल्यावर. गाडीभाडं मात्र त्यांनी नाकारलं. त्यासाठी आम्ही वस्तीतल्या एका टेम्पोवाल्या पालकांशी डिझेलपुरत्या पैशांत ठरवलं आहे.

फीच्या वहीत या जूनमध्ये सात मुली परत आल्या. त्यातल्या एकीसोबत आईने धाकट्या भावालाही पाठवलंय, त्याचं वय अजून बसत नाही, पण सरांनी त्याला खांबाशी उभं करून घेतलंय.