आमची वाटचाल : सिमेंट खरवडणारे गवंडी

वडिलांचा धंदा साध्या बांधकाम ठेक्याचा. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीकडे आम्ही वळलो ते ओलीमुळे. वाई-साताऱ्याकडून येणारी तक्रार ठरलेली असायची, ‘गिलावा नवा केला, तरी भिंतीला लोणा लागतोच.’ लोणा म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे क्षार. बहुतेक ठिकाणी तो नवा गिलावाच सिमेंटचा निघे. विटामातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. वरून सिमेंट फासलं की ती वाट बंद. मग क्षार विटा पोखरतात आणि भिंतीत घातलेली सागवानी तुळई टोकाकडून कुजू लागते. बाहेरून मात्र सगळं गुळगुळीत! आजही आमचं पहिलं काम खरवडण्याचंच असतं.

चुना आम्ही जुन्या गवंड्यांकडून शिकलो. कळीचा चुना विझवून मुरवायचा, वाळू नि सुरखी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, गूळ-हिरड्याचं पाणी द्यायचं. हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत तो सावकाश घट्ट होतो, म्हणून थर पातळच द्यावे लागतात. ‘दिवाळीपर्यंत होईल ना?’ याला आमचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. त्यापायी काही कामं हातची गेली, जाऊ देत.

मालक आधी रंग विचारतात, आम्ही आधी वायरिंग बघतो, कारण लाकडी वाड्याला भीती आगीची. १७३२ साली उभा राहिलेल्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८च्या आगीत गेले. तट, दरवाजे नि जोती तेवढी उरली. तक्तपोशीवरून (लाकडी फळ्यांच्या छतावरून) लोंबणाऱ्या जुन्या तारा तशाच ठेवून गिलाव्याला हात लावणं आम्हाला पटत नाही.

नव्या गिऱ्हाइकाला आम्ही फोटो दाखवत बसत नाही. कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघून या म्हणतो. चौकांमुळे उजेड-वारा कसा खेळतो ते कळलं, की चौकावर पत्रा टाकायचा हट्ट आपोआप सुटतो.

चुन्यापेक्षा चिवट असतात ते वारस. एकाला दुरुस्ती हवी, दुसऱ्याला विक्री, तिसरा परदेशात. आता सगळ्यांची लेखी संमती आल्याशिवाय आम्ही परांची बांधत नाही.

अलीकडे वर्षाची देखभालही घेतो. मृगाआधी कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट काढायचा. पिंपळाला हात लावायला गडी कचरतात. ते काम मी स्वतः करतो.